तालुका बातमीदाराला एकटे सोडू नका: मुंबईतील मराठी संपादकांना खुले पत्र

मुंबईतील मराठी दैनिकांच्या व वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

२६ एप्रिल १९१९ या दिवशी मुंबई सरकारने ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन गाय हॉर्निमन यांना ताब्यात घेतले आणि विलायतेला निघालेल्या बोटीवर चढवून दिले. खटला भरला नाही, आरोपपत्र दिले नाही, बाजू मांडायची संधी दिली नाही. युद्धकाळासाठी केलेल्या भारत संरक्षण कायद्यावर बोट ठेवले आणि एका संपादकाला शहरातून उचलले. महायुद्ध तर आदल्या नोव्हेंबरातच थांबले होते. तुमच्या दिनविशेषाच्या चौकटीत या तारखेसमोर ही नोंद मला आजवर दिसलेली नाही. ती यावी अशी विनंती आहेच. पण पत्र लिहिण्याचे मुख्य कारण दुसरे आहे. तुमच्या दैनिकांसाठी जिल्ह्या-तालुक्यांतून बातम्या पाठवणाऱ्या माणसांबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि ते हॉर्निमन यांना साक्षीला ठेवून बोलायचे आहे.

मी कोकणात बरीच वर्षे तालुका बातमीदार होतो. पुढे मुंबईत डेस्कवर आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. बातमी पाठवणाऱ्याचे टोक आणि बातमी घेणाऱ्याचे टोक, दोन्हीकडे मी बसलो आहे.

फोर्टात हॉर्निमन सर्कल कुठे आहे हे मुंबईकराला सांगायला नको. दुपारच्या सुट्टीत बँकांतले, शेअर दलालांकडचे, वकिलांच्या कचेऱ्यांतले लोक डबे घेऊन त्या बागेत येऊन बसतात. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा, हे हॉर्निमन कोण? बहुतेक जण सांगतील, असेल कुणी गोरा गव्हर्नर. खरे म्हणजे त्या जागेला आधी गव्हर्नराचेच नाव होते, एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर ते काढून तिथे एका संपादकाचे नाव देण्यात आले. या शहराने हे केले याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि ज्याच्यासाठी केले तो माणूस आपण विसरलो याचे तितकेच वाईट वाटते.

जागा तरी कशी निवडली गेली पाहा. एका अंगाला टाउन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक सोसायटी. जवळच ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत. फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ मध्ये सुरू केलेले हे गुजराती पत्र अजून निघते. आशियात सतत चालू असलेले इतके जुने वृत्तपत्र दुसरे नाही. ती इमारत ज्या रस्त्यावर उभी आहे त्याला सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांचे नाव आहे. ब्रेल्वी ‘क्रॉनिकल’मध्ये हॉर्निमन यांच्या हाताखाली होते आणि पुढे त्याच पत्राचे संपादक झाले. गुरूच्या नावाचे सर्कल आणि त्याला लागून शिष्याच्या नावाचा रस्ता. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांची सहल न्यायची तर ती आधी इथे न्यावी.

हॉर्निमन १९०६ मध्ये भारतात आले ते कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये. पत्र इंग्रजांच्या मालकीचे, वाचणारेही मुख्यतः इंग्रज. असे असून बंगालच्या फाळणीविरुद्धच्या मिरवणुकीत ते पांढरे धोतर नेसून अनवाणी चालले, असे त्यांच्याबद्दल सांगतात. १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ काढले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ तेव्हा राज्यकर्त्यांच्या बाजूने बोलत असे. त्याच्यासमोर इथल्या लोकांची बाजू मांडणारे इंग्रजी दैनिक हवे, हा फिरोजशहांचा हेतू. संपादक म्हणून त्यांनी हॉर्निमन यांना आणले. दोन वर्षांत फिरोजशहा गेले. मागे राहिलेल्या संचालकांपैकी मवाळ मंडळींना संपादकाचे होमरूलचे राजकारण पेलवेना. हॉर्निमन तर ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगचे उपाध्यक्ष. १९१७ मध्ये बेझंटबाईंना सरकारने स्थानबद्ध केले आणि वाद चिघळला. अखेर संचालक मंडळ बदलले, बॅरिस्टर जिना नव्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि हॉर्निमन संपादकाच्या खुर्चीवर राहिले. संपादकासाठी मंडळ बदलल्याचे उदाहरण तुमच्यापैकी कुणाच्या पाहण्यात असेल असे मला वाटत नाही.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र त्याआधीचे, १९१५ चे आहे. त्या वर्षी त्यांनी ‘प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया’ उभी केली. पत्रकारांची या देशातली ही अगदी सुरुवातीची संघटना. ती कशासाठी लागली हे कळायला १९१० चा छापखाना कायदा कसा चालत असे ते पाहावे लागते, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण दडपशाही कागदोपत्री किती साधी दिसू शकते हे त्यात उघड होते.

नवा छापखाना घालायचा तर मॅजिस्ट्रेटकडे ५०० ते २,००० रुपये जामीन ठेवायचा. जुन्या छापखान्याकडून सरकार ५,००० पर्यंत मागू शकत असे. छापलेल्या मजकुरात सरकारला काही आक्षेपार्ह वाटले की जामीन जप्त. पुन्हा छापायचे तर नवा जामीन, तो १०,००० पर्यंत. त्यानंतर पुन्हा काही वावगे वाटले तर जामिनासोबत छापखानाही सरकारजमा. हे सारे सरकारने आपल्या अधिकारात करायचे. कोर्टाची पायरी नंतर, आणि तीही झिजवायची छापखानेवाल्याने. ज्या काळात पाचपन्नास रुपयांत महिन्याचा संसार चालत होता त्या काळातले हे आकडे आहेत. म्हणून बहुतेक पत्रांवर खटला भरण्याची गरजच पडली नाही. जामिनाची नोटीस आली की मालक छपाईचे खिळे विकून मोकळा व्हायचा. शिवरामपंत परांजपे यांचा ‘काळ’ १९१० मध्ये जामिनाच्या मागणीपायीच बंद पडला. १८९८ पासून ज्या पत्राने मराठी गद्याला वक्रोक्तीची धार दिली, ते असे एका कागदाने गेले. असोसिएशनने पुढे सरकारसमोर मांडलेल्या हिशेबात या कायद्याचा फटका बसलेले सुमारे ३५० छापखाने आणि ३०० वृत्तपत्रे होती.

हॉर्निमन यांच्या पाठीशी पैसेवाले संचालक होते, मुंबईतले नामवंत वकील होते. ‘क्रॉनिकल’वर जामीन आला असता तर तो भरला गेला असता. गावोगावच्या देशी भाषांतल्या पत्रांची त्यांनी काळजी करावी असे व्यवहाराच्या दृष्टीने काहीच कारण नव्हते. तरी त्यांनी ती केली. धुळ्यातल्या किंवा धारवाडातल्या चारपानी साप्ताहिकाचा गळा दाबला जातो तेव्हा फोर्टातल्या इंग्रजी दैनिकाचेही स्वातंत्र्य तेवढ्याने कमी होते, हे त्यांना दिसत होते. तो कायदा १९२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा हॉर्निमन इथे नव्हते.

टाउन हॉलचा मघाशी उल्लेख केला. १० जून १९१८ रोजी त्याच टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली होती. टिळक स्वराज्याबद्दल बोलू लागताच गव्हर्नराने त्यांना थांबवले आणि टिळक सभेतून उठून गेले. सहा महिन्यांनी, ११ डिसेंबरला, याच विलिंग्डन यांचे मुंबईकरांच्या नावाने स्मारक करायचे म्हणून तिथेच सभा बोलावली गेली. मुंबईकरांच्या नावाने हे होऊ द्यायचे नाही असे ठरवून लोक सकाळपासून त्या उंच पायऱ्यांवर येऊन थांबले. पुढाकार जिना आणि हॉर्निमन यांचा. सभेत असा गदारोळ झाला की पोलिसांनी हॉल रिकामा केला आणि स्मारक बारगळले. त्या दिवसाची आठवण म्हणून लोकांनी एकेक रुपया काढून पैसे जमवले आणि त्यांतून जिनांच्या नावाचा हॉल उभा राहिला. गिरगावच्या बाजूला काँग्रेस हाउसच्या आवारात तो आहे. हॉर्निमन यांच्या नावाचे काही तेव्हा झाले नाही. चार महिन्यांनी त्यांना हद्दपारी मिळाली.

एप्रिल १९१९ मध्ये पंजाबात काय घडले ते आपण शाळेत शिकलो. १३ तारखेला जालियनवाला बाग, लगेच लष्करी कायदा, आणि त्याबरोबर बातम्यांवर पहारा. पंजाबातून बाहेर काहीही जाऊ द्यायचे नाही असा बंदोबस्त होता. लाहोरच्या ‘ट्रिब्यून’चे संपादक कालिनाथ रॉय यांना लष्करी कायद्याखालच्या न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा दिली, ओरड झाल्यावर ती तीन महिन्यांवर आली. हॉर्निमन यांचे पंजाबातले बातमीदार गोवर्धन दास यांना मात्र तीन वर्षांचा तुरुंगवास झाला.

गोवर्धन दास हे नाव कृपा करून ध्यानात ठेवा. इतिहासाच्या पुस्तकात संपादक येतात, नेते येतात, डायर येतो. ज्याने बातमी पाठवली तो कुठेतरी तळटिपेत राहतो. संपादकाला बोट मिळाली, बातमीदाराला कोठडी.

पण मुंबईच्या संपादकाने काय केले हेही बघा. बातमी आमच्या माणसाने दिली, आमचा त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणून अंग काढून घेणे सोपे होते. हॉर्निमन यांनी पंजाबातल्या अत्याचारांवर लिहिणे सोडले नाही. हद्दपारीनंतर भारतमंत्री माँटेग्यू यांनी पार्लमेंटमध्ये जी कारणे दिली त्यांत हेच होते: दिल्लीच्या रस्त्यांवर मऊ टोकाच्या गोळ्या झाडल्याचा आरोप या संपादकाने छापला, त्याचे पत्र गोऱ्या सैनिकांत फुकट वाटले जात होते, त्यातून सैन्यात असंतोष पसरला असता. हे खरे होते की खोटे, ते कोर्टात तपासून घेण्याची तयारी सरकारची नव्हती. तपासायचे असते तर बोटीची गरज पडली नसती.

त्यातली आणखी एक गोष्ट गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवली आहे. पंजाबात जाण्याची बंदी गांधीजींनी सत्याग्रह सभेला न विचारता मोडली, ते हॉर्निमन यांना पसंत नव्हते. सविनय कायदेभंग थांबवण्याचा निर्णय गांधीजींनी जाहीर करण्याआधीच हॉर्निमन यांनी तसा सल्ला देणारे पत्र त्यांना लिहिले होते; ते पोचले मात्र नंतर. ज्याने शांततेचा सल्ला दिला, त्यालाच शांततेला धोका ठरवून घालवले. ज्या गुप्तपणे हे काम उरकले गेले त्याची गांधीजींना किती किळस आली, तेही त्यांनी तिथे लिहिले आहे.

‘क्रॉनिकल’चे चालक मग गांधीजींकडे गेले, आता तुम्हीच पत्र सांभाळा म्हणाले. तेवढ्यात पत्राचे प्रकाशनच थांबवण्याची वेळ आली. उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्याच हाती ‘यंग इंडिया’ होते. ते त्यांनी गांधीजींकडे दिले, साप्ताहिकाचे आठवड्यातून दोनदा निघू लागले. एका संपादकाला देशाबाहेर काढून सरकारने दुसरा संपादक स्वतःच्या हाताने बसवून घेतला, आणि तो गांधी होता.

लंडनला गेल्यावर हॉर्निमन गप्प बसले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता. ते मायदेशी पोचले होते, तिथे पोटापुरते काम मिळाले असते. त्यांनी पंजाबातली छायाचित्रे आणि हकिकती ‘डेली हेराल्ड’ या मजूर पक्षाच्या पत्रात आणल्या. १९२० मध्ये अमृतसरवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. भारतात परतण्याची परवानगी मागत राहिले आणि सरकार नाही म्हणत राहिले. इथल्या कायदेमंडळातही हा प्रश्न निघाला. शेवटी नियमांतली फट शोधून जानेवारी १९२६ मध्ये ते परत आले. विलायतेहून लोक भारतात नोकरीला येत, पैसा करून परत जात. हा माणूस विलायतेहून भांडून मुंबईला परत आला, याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

परतल्यावर पुन्हा ‘क्रॉनिकल’, मग स्वतःचे ‘इंडियन नॅशनल हेराल्ड’, आणि १९३३ पासून बारा वर्षे ‘बॉम्बे सेंटिनेल’ हे सांजदैनिक. ‘सेंटिनेल’मध्ये त्यांच्याकडे दिनकर नाडकर्णी गुन्हेगारीच्या बातम्या करत. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये चहा पीत रुसी करंजिया, नाडकर्णी आणि हॉर्निमन यांनी ‘ब्लिट्झ’ काढायचे ठरवले. ते साप्ताहिक १९४१ मध्ये निघाले. ज्यांना ‘ब्लिट्झ’ची शेवटच्या पानापासून वाचायची सवय आठवते त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. हॉर्निमन यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांनी पुढची कित्येक वर्षे या शहराची पत्रकारिता चालवली. ऑक्टोबर १९४८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. स्वतंत्र देशात त्यांना जेमतेम चौदा महिने मिळाले.

त्या सर्कलचा आणखी एक संदर्भ आहे, आणि तो परक्या सरकारचा नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, दुर्गाबाई भागवतांना अटक झाली ती एशियाटिकच्या ग्रंथालयातून, म्हणजे हॉर्निमन यांच्या चौकातच. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोललेल्या लेखिकेला वाचायच्या टेबलावरून उठवून नेले. हद्दपारीचा कायदा इंग्रजांबरोबर गेला. बोलणाऱ्याला उठवून नेण्याची सवय इथेच राहिली.

आता माझ्या विषयावर येतो.

आज तालुक्याच्या गावी जो बातमीदार आहे त्याची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. त्याच्याकडे नेमणुकीचे पत्र नसते. असते ते एक ओळखपत्र, दरवर्षी नव्याने मिळणारे, आणि कधी कधी तेही नाही. मानधन असे की त्यात मोटरसायकलचे पेट्रोल निघत नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस या प्रत्येक पुरवणीला त्याने जाहिराती आणायच्या; त्यावरचे कमिशन हीच त्याची खरी कमाई. ज्या सरपंचाच्या कामातला घोळ त्याने छापायचा, त्याच सरपंचाकडे अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जायचे. वाळूचा ठेकेदार, खडी क्रशरवाला, शाळेचा संस्थाचालक, सगळे जाहिरातदार आहेत आणि सगळे बातमीचे विषय आहेत. अशा जागी बसून जो माणूस तरीही बातमी देतो, त्याचे धैर्य आपण मुंबईत बसून मोजू शकत नाही.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग सांगतो. दैनिकाचे नाव घेत नाही, कारण नाव कुठलेही घातले तरी गोष्ट तीच राहील. आमच्या खाडीत सक्शन पंप लावून रात्री वाळू काढत होते. काठावरची भातखाचरे खचत होती, खारे पाणी विहिरींत उतरले होते. मी बातमी दिली, फोटो दिला, तहसील कार्यालयाची बाजूही दिली. बातमी जिल्हा पानावर पहिली लागली, ‘आमच्या वार्ताहराकडून’ म्हणून. आठवड्याभराने पोस्टमन रजिस्टर एडीचे पाकीट घेऊन आला. पन्नास लाखांच्या अब्रुनुकसानीची नोटीस, माझ्या नावाने, माझ्या घरच्या पत्त्यावर. बायकोने ती उघडली. रकमेतली शून्ये तिने बोटाने मोजली, पाकीट फडताळात देवाच्या फोटोमागे ठेवले आणि मी येईपर्यंत कुणाला काही सांगितले नाही. मी मुख्य कार्यालयात फोन केला. उत्तर आले की तुम्ही आमचे कर्मचारी नाही, नोटीस तुम्हाला आहे, खुलासा तुम्हीच करा. आणि बरे होईल जर दोघांत मिटवलेत तर. वकिलाची फी घरातून गेली. खटला काही उभा राहिला नाही, तो राहणारही नव्हता. पण त्यानंतर त्या खाडीबद्दल कित्येक महिने आमच्या तालुक्यातून एकही ओळ कुठल्याच दैनिकात आली नाही. नोटिशीचे काम नोटिशीनेच केले होते. १९१० च्या कायद्यातला जामीन हेच काम करत असे.

हे मी माझे रडगाणे म्हणून सांगत नाही. माझ्यावर नोटीस आली, एवढेच. राजापूरचे शशिकांत वारिशे यांच्यावर गाडी आली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रस्तावित रिफायनरीशी संबंधित त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी राजापुरात त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवले. दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. घरी म्हातारी आई आणि शिकणारा मुलगा. त्या आठवड्यात मुंबईत निषेध झाले, मोर्चे निघाले, अग्रलेख आले; ते मनापासूनच होते. मात्र त्या अग्रलेखांच्या खालच्या पानांवर ज्यांच्या बातम्या होत्या, त्या बातमीदारांच्या हाती त्या आठवड्यातही काही लेखी पडले नाही.

आपल्या राज्यात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे. २०१७ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण त्यातली ‘माध्यमकर्मी’ची व्याख्या पुन्हा एकदा वाचा. पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरीत आहे, तो. तालुक्याचा बातमीदार पोटासाठी झेरॉक्सचे दुकान चालवतो, विमा उतरवतो, शेती करतो. नोकरीचा कागद त्याच्याकडे नाही. मार खाल्ल्यावर पोलीस ठाण्यात त्याने आधी आपण पत्रकार आहोत हे शाबीत करायचे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याचाही त्याला याच कारणाने कधी उपयोग झाला नाही. सरकारला या बाबतीत दोष द्यायला मला आवडेल, पण हा कागद सरकारने द्यायचा नाही. तो तुम्ही द्यायचा आहे.

तुमची अडचण मला कळते. कागदाचा भाव, घटता खप, मालकांचा दट्ट्या, मोबाइलवर फुकट वाचणारा वाचक. नेमणुकीचे पत्र दिले तर उद्या पगारवाढ, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मागतील, ही भीती व्यवस्थापन तुमच्यापुढे ठेवते. त्या मागण्या न्याय्यच आहेत, पण आज मी त्याहून थोडे मागतो आहे. चार ओळींचे पत्र. अमुक व्यक्ती या तालुक्यासाठी आमची बातमीदार आहे. तिने पाठवलेली आणि आम्ही छापलेली प्रत्येक बातमी आमची आहे. त्या बातमीवरून नोटीस, फिर्याद किंवा खटला झाला तर वकील आमचा आणि खर्च आमचा. जाहिराती आणण्याची तिच्यावर सक्ती नाही. खाली संपादकाची सही.

यातली चौथी ओळ सर्वांत जड जाईल हे मी जाणतो. ती जमत नसेल तर तूर्त पहिल्या तीन द्या.

आणि बातमीवर नाव द्या. धोका असेल तिथे बातमीदाराला विचारून नाव गाळा. पण ‘वार्ताहराकडून’ या शब्दामागे माणूस दडवून, नोटीस आली की तोच माणूस पुढे करणे बंद व्हायला हवे.

हॉर्निमन यांच्यासाठीही थोडे करता येईल. त्यांचे अमृतसरवरचे लेखन मराठी वाचकांच्या हाती यायला हवे. तुमच्या रविवार पुरवण्यांत ते क्रमशः आणता येईल, जालियनवाला बागेवर प्रत्येक एप्रिलात तेच ते छापण्यापेक्षा त्या काळच्या संपादकाचे शब्द छापा. सर्कलच्या बागेच्या दारात मराठीत एक फलक लागावा, त्यावर हॉर्निमन कोण होते हे चार वाक्यांत लिहिलेले असावे आणि त्यातल्या एका वाक्यात गोवर्धन दास असावेत. महापालिकेकडे हा अर्ज पत्रकार संघटनांनी मिळून केला तर तो नाकारला जाईल असे मला वाटत नाही.

दरवर्षी ६ जानेवारीला, ‘दर्पण’चा दिवस म्हणून, जिल्ह्याजिल्ह्यांत तुमचे प्रतिनिधी जातात. बाळशास्त्रींच्या फोटोला हार घालतात, ग्रामीण पत्रकारांना शाल आणि श्रीफळ देतात, भाषणे होतात, जेवण होते. माझ्या घरी अशा शाली आहेत आणि त्या देणाऱ्यांचा लोभ मी विसरलेलो नाही. पुढच्या ६ जानेवारीला शालीच्या घडीत ते चार ओळींचे पत्र घाला. मसुदा कायदेशीर कसोटीला उतरायला हवा, त्यासाठी एखादा वकील लागेल, आणि प्रत्येक तालुक्याचे नाव-पत्ते नीट तपासून घ्यावे लागतील, कारण कित्येक कार्यालयांत आपल्या बातमीदारांची पुरी यादीसुद्धा नाही. यादी करण्याचे काम आम्हा निवृत्तांकडे द्या. जिल्हा आवृत्त्यांच्या फायली घेऊन बसायला मी तयार आहे, माझ्यासारखे आणखी काही जण आहेत, आणि आम्हाला त्याचे मानधन नको.

आपला,
एक माजी तालुका बातमीदार